"साध्या रबरी बुशांना अकरा दिवस": गॅरेजमालकाचं उत्तर

नमस्कार साहेब. तुम्ही दोन तारे देऊन लिहिलंत की वडिलांच्या येझडी रोडकिंगच्या मागच्या शॉकअपचे साधे रबरी बुश, म्हणजे शॉकअपच्या टोकाच्या कड्यात बसणारी रबरी नळकांडी, बदलायला आम्ही अकरा दिवस लावले, आणि गाडी अजून खड्ड्यात कुरकुरते. त्रास झाला, माफ करा.

पण तो अकराचा आकडा डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितो. गाडी आली होळीच्या आदल्या दिवशी. तुम्ही इंदूरचेच, धुळवड आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मी काय सांगावी? गेरच्या दिवशी राजवाड्याजवळ शटर कोण उघडतं?

बुश तुम्हीच ऑनलाइन मागवून आणलेत, पाकिटावर 'येझडी' छापलेलं. तुमच्यासमोर व्हर्नियर लावून माप घेतलं. बुशमधली लोखंडी नळी शॉकअपच्या कड्याच्या रुंदीपेक्षा दीड मिलिमीटर आखूड निघाली. ती कड्याबाहेर जराशी यायलाच हवी, तरच नट नळीवर आवळला जातो आणि रबर मोकळं राहतं. आखूड असली की वॉशर थेट रबरच चिरडतो. तुम्ही म्हणालात, "दोन वॉशर जास्त टाका अन् बसवून द्या." ते माझ्याकडून होत नाही साहेब. माझ्या वडिलांनी हे गॅरेज चालवलं, त्यांनीही केलं नसतं. मग तुम्ही "मुलाला विचारून सांगतो" म्हणालात, आणि फोन आला चौथ्या दिवशी.

जुन्या येझडीचा म्हैसूरचा कारखाना 1996 ला बंद झाला. 2022 ला नव्या येझडी आल्या, पण नाव तेच असलं तरी गाडी वेगळी, हेही बोललो होतो. म्हणून लेथवाल्याकडून नळ्या करून घेतल्या. चार, दोन नव्हे; शॉकअपला वर आणि खाली दोन्हीकडे बुश असतो. साबणाच्या पाण्यावर दाबून बसवले, ऑइल लावलं की रबर फुगतं. तयार गाडी दोन दिवस आमच्या दारात उभी होती, कारण तुम्ही उज्जैनला होतात. तेही अकरात धरलंत!

कुरकुरीचं म्हणाल तर आमच्या पोराने खालचे नट गाडी मेन स्टँडवर असतानाच पक्के केले. ते गाडी चाकांवर घेऊन, वर माणूस बसवून आवळायचे, नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. ही चूक आमची, मी बघायला हवं होतं. तरी आवाज बुशचाच की चेनकव्हरचा, हे गाडी न बघता कसं सांगू? एक फोन केला असतात तर मीच घरी आलो असतो. या गॅरेजवर तीन घरं चालतात साहेब, लोक तारे बघूनच येतात.

गाडी घेऊन या, नट सोडून पुन्हा आवळून देतो, पैसे नकोत. काम किती दिवसांत होईल ते यापुढे कागदावर लिहून द्यायचं ठरवतोय, जमेल तसं. फक्त सकाळी अकराच्या आत या, नंतर गर्दी होते.