येशूविषयी बोलणं गुन्हा नाही, पण…

आपल्या कोल्हापुरातल्या बऱ्याच ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय की हिंदू शेजाऱ्याशी येशूबद्दल नुसतं बोललं तरी गुन्हा होतो, जेल होते. असं नाहीये. राज्यघटनेच्या कलम 25 मध्ये धर्म मानायचा, पाळायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क सगळ्यांनाच दिलाय, फक्त सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य सांभाळून.

पण आपल्यातलेच काहीजण त्याला उत्तर म्हणून लिहितायत की कुणाचंही धर्मांतर करणं हा आपला हक्क आहे, तेही चूकच. 1977 साली सुप्रीम कोर्टाने स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट सांगितलंय, आपली श्रद्धा समजावून सांगायचा हक्क आहे, दुसऱ्याला आपल्या धर्मात आणायचा नाही. वेगवेगळ्या राज्यांत जे कायदे झालेत ते पण मुख्यतः जबरदस्ती, फसवणूक, आमिष यावर बोट ठेवतात. म्हणून फीचे पैसे देतो पण चर्चला या, असलं कुणी बोलत असेल तर तिथल्या तिथं थांबवा, मला तर ते ऐकूनच वाईट वाटतं.

बायबलमध्ये पहिले पेत्र 3:15 मध्ये पण तेच आहे ना, कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं. शेजारच्या काकू नाताळची करंजी खाता खाता विचारतात, तुमचा सण नेमका कशाचा गं? तेव्हा बिनधास्त सांगा. सीपीआर हॉस्पिटलमध्ये कुणा पेशंटला भेटायला गेलात तर आधी विचारा, प्रार्थना करू का? नको म्हणाले तर डबा द्या, थोडं बसा, विषय सोडा.

तो मेसेज आलाच तर पुढं पाठवू नका, हे पाठवा.