चार बोटं हवा असलेली बाटली

आज प्रयोगशाळेच्या टेबलावर ठाणे खाडीच्या पाण्याची बाटली आली आणि डोकंच फिरलं. प्लास्टिकची, एक लिटरची, वर चार बोटं हवा. ऐरोलीला सकाळी अकराला भरलेली, लोकलमध्ये हिंदकळत दुपारी तीनला पोचलेली. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी यातला विरघळलेला ऑक्सिजन (डीओ) मोजायचा होता. चार तास हवेत घुसळलेल्या पाण्याचा आकडा खाडीचा कसा असेल?

डीओची बाटली काचेची, ३०० मिलीची, काचेच्या बुचाची. नळी तळापर्यंत सोडून पाणी भरायचं, भरपूर वाहू द्यायचं, आत एकही बुडबुडा नको. तिथेच, होडीत किंवा जेटीवर, २ मिली मँगनीज सल्फेट आणि २ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचं, पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून उलटसुलट करायची. तपकिरी साका धरला तर ऑक्सिजन आहे, पांढराच राहिला तर नाही. एवढं झालं की बाटली अंधारात ठेवून आणा. मग २ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल, आणि २०० मिलीचं ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने (थायो) टायट्रेशन, म्हणजे थेंबाथेंबाने घालून किती लागलं ते मोजायचं. जितके मिली थायो, तितके मिलिग्रॅम प्रति लिटर. थायो कपाटात पडून कमजोर झालेलं असेल तर जास्त लागतं आणि खाडी आहे त्यापेक्षा निरोगी दिसते.

पाण्यात बुडवून थेट ऑक्सिजन मोजणारा प्रोब असतो, मान्य. पण त्यालाही पाण्याचा खारेपणा सांगावा लागतो. ३० अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.२ च्या आसपास.

बाटलीपेक्षा जास्त संताप तिच्या लेबलचा आला. ठिकाण आहे, तारीख आहे, वेळ आहे. भरती की ओहोटी, त्याचा पत्ता नाही! आणि प्रोजेक्टचा आराखडा काय, तर दर शनिवारी अकरा वाजता, आठ शनिवार. अहो, भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. सात दिवसांत जवळपास सहा तास. म्हणजे या शनिवारी अकराला भरती असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळी ओहोटी. एकदा बंदराकडून आलेलं पाणी, एकदा नाल्यांचं. आलेख करवतीच्या दातासारखा वरखाली होणार आणि निष्कर्षात लिहिणार, 'प्रदूषणात चढउतार आढळले'. पंधरवड्याने गेलात तर उलट गफलत, दरवेळी तीच भरती भेटते आणि ओहोटीचं पाणी कधी दिसतच नाही. २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत, गेलेल्या खाडीवर हा अभ्यास?

खाडीकाठच्या दिवाळे गावचा कोळी होडी काढायच्या आधी तिथी बघतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. विद्यापीठाच्या प्रबंधात मात्र हा रकाना नाही, आणि व्हायव्हात, तोंडी परीक्षेत, कुणी विचारत नाही.

होडीचं भाडं परवडत नाही, मुलांना शनिवारच मोकळा मिळतो, तेही खरं.

बाटली आणणाऱ्या विद्यार्थिनीवर राग नाहीच. चपला हातात घेऊन, गुडघाभर चिखलात तिवरांच्या मुळांतून वाट काढत तिने ती बाटली भरली. बाटलीच्या तळाला अजून काळा गाळ चिकटलेला होता. राग आहे तो तिला प्लास्टिकची बाटली देऊन पाठवणाऱ्यावर आणि पंचांग न बघता वेळापत्रकावर सही करणाऱ्यावर.

उद्या तिला काचेच्या आठ बाटल्या, दोन पिपेटं आणि ताजं प्रमाणित केलेलं थायो देतोय. पौर्णिमेला पहाटे पाचच्या सुमारास ओहोटी, सव्वाअकराला भरती. अष्टमीला उलट, सकाळी सहाला भरती आणि बाराला ओहोटी. वेळा मुंबईच्या अपोलो बंदराच्या, ऐरोलीला पाणी उशिरा चढतं, म्हणून काठावर खुणेची काठी रोवून पाणी थांबलेलं बघायचं आणि मगच भरायचं. पाण्यातल्या जिवांच्या रात्रभराच्या श्वसनाने पहाटेचं पाणी तसंही ऑक्सिजनला उणं असतं. दोन्ही दिवस केले की उन्हाचा फरक कुठला आणि भरतीचा कुठला, ते वेगळं काढता येईल. प्रत्येक वेळी दोन बाटल्या, एकाच जागी, आणि लेबलवर तिथी.