नास्तिकांचे सोवळे

आपण नागपुरात नास्तिकांचे मंडळ काढले असेल किंवा काढण्याच्या बेतात असाल, तर प्रथम आपले अभिनंदन. २०११ च्या जनगणनेत साऱ्या देशात मिळून सुमारे ३३ हजार माणसांनीच स्वतःला नास्तिक म्हणवून घेतले होते. इतकी विरळ जमात जपलीच पाहिजे, आणि जपायची असेल तर तिचा खरा शत्रू कोण हे आधी ओळखले पाहिजे. हा शत्रू म्हणजे बुवा नव्हे, भक्त नव्हे आणि पोलीसही नव्हेत. बैठकीत मागच्या रांगेतून हळूच हात वर करून 'पण यावर आपली भूमिका काय?' असे विचारणारा तो नवा सभासद हाच मंडळाचा खरा शत्रू होय. त्याचे काय करावे, याविषयी दीर्घ अनुभवातून आलेल्या चार गोष्टी येथे सांगतो.

त्याला सर्वप्रथम व्याख्या ऐकवावी. जो ईश्वर मानत नाही तो नास्तिक, एवढीच ती व्याख्या. हुंडा, पोटजात, मजुरी, तुरुंग, जंगल यांपैकी कशाचाही तिच्यात उल्लेख नाही. मौज अशी की तर्काच्या दृष्टीने हे बिनचूक आहे. 'ईश्वर नाही' या वाक्यातून 'मोलकरणीचा पगार कापू नये' हे वाक्य कोणत्याही प्रमाणशास्त्राने काढता येत नाही. (तसे ते 'ईश्वर आहे' यातूनही काढता येत नाही, पण हा मुद्दा सभेत उपस्थित करू नये. मग नीती येते तरी कोठून, असा प्रश्न निघतो, आणि तोवर पोहे गार होतात.)

पोह्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. बैठक रविवारी सकाळी, धरमपेठेत किंवा शंकरनगरच्या बाजूला एखाद्या तर्रीपोह्याच्या टपरीजवळ ठेवावी. तेथे कपबश्या विसळायला एक पोरगा असतो. त्याचे वय पाहून सभासद अस्वस्थ होण्याचा संभव असतो. अशा वेळी, त्याच्या वयाचा प्रश्न ईश्वराच्या अस्तित्वाशी निगडित नसल्यामुळे तो मंडळाच्या कक्षेबाहेरचा आहे, असे शांतपणे सांगावे आणि आणखी थोडी तर्री मागवावी.

खरी कसोटी लागते ती पत्रक काढताना. मेळघाटात आजारी तान्ह्या बाळाच्या पोटाला तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. त्याला डंबा म्हणतात. अशी बातमी आली की आपण निर्धास्तपणे पत्रक काढावे, कारण ही अंधश्रद्धा आहे आणि अंधश्रद्धा हा आपला हक्काचा विषय आहे. 'एकविसाव्या शतकातही' हे शब्द पहिल्याच वाक्यात यावेत, आणि आईच्या अज्ञानाबद्दल खेद दुसऱ्या वाक्यात. मात्र तिसऱ्या वाक्याशी फार सावध राहावे. ती आई बाळाला घेऊन भुमक्याकडेच, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडेच, का गेली, आरोग्य केंद्रात त्या दिवशी डॉक्टर होता का, पावसाळ्यात त्या पाड्यावर गाडी पोहोचते का, बाळाचे पोट मुळात कशाने फुगले होते आणि आईच्या पोटात आदल्या दिवशी काय होते, हे सारे प्रश्न तिसऱ्या वाक्याच्या दाराशी रांग लावून उभे असतात. त्यांपैकी एकाला जरी आत घेतले, तरी पत्रक अंधश्रद्धेवरचे न राहता शासनावरचे होते, कुपोषणावरचे होते, आदिवासींच्या जगण्यावरचे होते. आणि मंडळात तर दोन्ही-तिन्ही पक्षांची माणसे आहेत. म्हणून लोखंड तापवणाऱ्या हाताचा निषेध करावा आणि तेथेच पूर्णविराम द्यावा. भुमका रात्री-बेरात्री हाकेला धावतो आणि डॉक्टर धावू शकत नाही, हा फरक अंधश्रद्धेच्या हिशेबात धरू नये.

याहून अवघड प्रकरणे येतात. २०२१ साली चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या माणसांना भर चौकात बांधून मारले गेले. मार खाणारे दलित होते. येथे पत्रकाचा मसुदा करणाऱ्याचे खरे कसब दिसते, कारण त्याला घटना मधोमध चिरावी लागते. करणीचा संशय हा अर्धा भाग आपला. त्याच गावात तो संशय नेमका कोणाच्या दाराशी जाऊन थांबतो, हा अर्धा भाग सामाजिक न्यायवाल्यांचा. त्यांचा भाग त्यांना निरोपासह पोचता करावा. अशी चिरफाड जमत नसेल, तर पत्रक काढण्यास उशीर करावा. पंधरा दिवसांत वर्तमानपत्रे आपोआप दुसरीकडे वळतात.

आपण नागपूरकर असल्यामुळे एक जादा अडचण आहे, ती म्हणजे दीक्षाभूमी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे धम्मदीक्षा घेतली आणि आपल्या अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली पहिलीच, ब्रह्मा-विष्णू-महेश यांना देव मानणार नाही ही, आपल्या मंडळाच्या फलकावर शोभेल अशी आहे. परंतु बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. देव नाकारून झाल्यावर सर्व माणसे समान मानणे, समता स्थापन करण्यासाठी झटणे, चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे असे एकामागून एक येत जाते. देव सोडल्यावर माणसाने कसे वागायचे, हे त्याच दिवशी त्याच मैदानावर सांगून टाकण्याची त्यांना घाई का झाली असावी, हे कोडे मला आजवर उलगडलेले नाही. तेव्हा मंडळाने पहिल्या तीन-चार प्रतिज्ञा तेवढ्या छापाव्यात आणि पुढे 'इत्यादी' लिहावे.

नवा सभासद वाचणारा निघाला, तर तो उदाहरणे फेकू लागतो. र. धों. कर्वे पक्के नास्तिक होते, तरी त्यांनी देवाला झोडपत बसण्याऐवजी १९२१ मध्ये संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवले. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले, आणि १९३४ च्या खटल्यात बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले तरी निकाल विरुद्धच गेला. हे उदाहरण आपल्याच उपयोगाचे आहे. भूमिका घेतल्याने काय होते, याचा एवढा स्पष्ट दाखला दुसरा मिळणार नाही. आंध्रातल्या गोरा (गोपराजू रामचंद्र राव) यांचे नावही तो घेईल. नास्तिक केंद्र काढणाऱ्या या गृहस्थांनी अस्पृश्यतेशी झुंज घेतली आणि स्वतःच्या मुलीचा विवाह दलित तरुणाशी लावला. तोही १९४८ साली, येथून दीड-दोन तासांवरच्या सेवाग्रामात, गांधीजींनी जिवंतपणी मान्य करून ठेवल्याप्रमाणे. यावर, तो काळ वेगळा होता, असे म्हणावे. आपल्या सभासदांनी मुलामुलींचे विवाह नोंदणी पद्धतीने, भटजीविना आणि सत्यनारायणाविना लावलेलेच असतात. सोयरिक तेवढी पोटजातीत असते, पण तो योगायोग असतो. पत्रिका कोणी पाहत नाही; आडनाव पुरते.

राहता राहिले अंधश्रद्धा निर्मूलनवाले. त्यांचे नाव मात्र जपून घ्यावे, कारण ते आपल्या अगदी उलट वागतात. देव-धर्माला आमचा विरोध नाही, असे म्हणून ते आपला एकमेव विषयच सोडून देतात आणि जातपंचायती, सामाजिक बहिष्कार, विसर्जनाने खराब होणारे पाणी, होळीत जळून जाणाऱ्या पोळ्या असल्या परक्या विषयांत हात घालतात. बहिष्काराविरुद्ध २०१६ साली राज्यात कायदा झाला, त्यामागे अशांचाच रेटा होता. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ च्या डिसेंबरात आपल्याच शहरातल्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. त्यापूर्वी चार महिने, २० ऑगस्टला, डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. देव आहे की नाही यावर आपले मंडळ कित्येक वर्षे दर रविवारी बोलत आहे आणि आपल्याकडे साधा धमकीचा फोनही आलेला नाही, ही गोष्ट नव्या सभासदाला अभिमानाने सांगावी. तो यावर गप्प होतो, असा माझा अनुभव आहे. का होतो, ते विचारू नये.

शेवटची सूचना केवळ व्यवस्थेपुरती आहे. तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या, दिवशी बैठक ठेवू नये. त्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणारे बाईच्या रूपातले पुतळे, मिरवणुकीने निघते, आणि तिच्याबरोबर बडगे, म्हणजे पुरुषाच्या रूपातले पुतळे, निघतात. गेली शंभराहून अधिक वर्षे या शहरातली देवभोळी माणसे ईडा-पीडेसोबत महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, ज्याचा म्हणून राग आला असेल त्याचा पुतळा करून, नाव लिहून, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत भर रस्त्यातून नेतात आणि जाळतात. एवढ्या उघड भूमिका इतक्या मोठ्याने घेतल्या जात असताना आपल्या सभासदांचे चित्त विचलित होऊ शकते. गच्चीवर उभे राहून पाहण्यास हरकत नाही; शेजाऱ्याने विचारलेच, तर पुतळा जाळल्याने रोगराई जात असल्याचा पुरावा उपलब्ध नाही, एवढे सांगावे. त्या दिवशी बैठक न ठेवण्याचे दुसरे कारण म्हणजे टपरीवरचा तो पोरगा एखाद्या बडग्यामागे नाचत गेलेला असतो, आणि कप विसळायला कोणी नसल्यामुळे चहा मिळत नाही.