कवलापूर–पुणे हवाई टॅक्सी: खुलासा

सांगलीच्या ग्रुपांवर एक चित्र फिरतंय: ‘कवलापूर–पुणे हवाई टॅक्सीचा मार्ग मंजूर’. तो मार्गाचा नकाशा नाहीच. झूम करून बघा. चौकटींत बॅटरी, चार्जिंग, वारा, हवाई वाहतूक नियंत्रण असं लिहिलंय आणि ज्यांना लोक ‘मार्ग’ म्हणतायत ते या चौकटी जोडणारे बाण आहेत. ही सिसएमएल भाषेतली आकृती, म्हणजे गुंतागुंतीच्या यंत्रणेचे भाग आणि त्यांचे संबंध चौकटी-बाणांनी मांडणारं मॉडेल. अशा मॉडेलमध्ये बॅटरीचं वजन बदललं की पल्ला, प्रवासीसंख्या, चार्जिंगचा वेळ यांपैकी कशाला धक्का बसतो, ते विमान बांधण्याआधीच तपासता येतं. नासाही शहरी हवाई वाहतुकीच्या अभ्यासात ही पद्धत वापरते. विमानाला प्रमाणपत्र मात्र डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) देतं, आकृती नव्हे. कवलापूरची जुनी धावपट्टी तरी आधी सुरू होऊ द्या की! आणि या टॅक्सीच्या आगाऊ बुकिंगची लिंक कुणी पाठवली, तर तिच्यावर रुपयाही भरू नका.