खायला चालतं, म्हणून ओढायला चालेल?

व्हेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, एक मेसेज खूप फिरतोय: "व्हेपमध्ये काहीच जळत नाही, बाहेर येते ती नुसती पाण्याची वाफ. आतलं सगळं खाण्यात आणि क्रीममध्ये वापरतातच, मग विष येणार कुठून?"

पाण्याचं आधी उरकू. व्हेपमध्ये भरतात त्या ई-लिक्विडमध्ये मुख्यतः प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन असतं, वर निकोटीन आणि स्वाद. दिसतो तो ढग या द्रवांच्या सूक्ष्म थेंबांचा.

काही जळत नाही, हे कबूल. पण रेणू मोडायला ज्वाळाच हवी असं थोडंच आहे? व्हेपमधली द्रव तापवणारी तार म्हणजे कॉइल; तापल्या कॉइलवर याच दोन द्रवांपासून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीन तयार होतात. तेल फार तापलं की नाकाडोळ्यांना झोंबतं, त्यातही अ‍ॅक्रोलीन असतंच. फॉर्माल्डिहाइडने माणसाला कॅन्सर होतो, हे सिद्ध झालेलं आहे. कॉइलला द्रव पुरवणारी वात कोरडी पडली की कॉइल भडकते आणि ही रसायनं एकदम वाढतात. व्हेपवाले म्हणतात, असा करपट झुरका कोण ओढेल? रास्त आहे. पण चव करपट नाही म्हणजे रसायनं शून्य, असं होत नाही.

आता 'खाण्यातलंच आहे' हा मुद्दा. खरी गोम इथे आहे. पोटात गेलेलं पचतं, यकृतातून गाळून निघतं. फुप्फुसाला ती सोय नाही. लोण्याचा स्वाद देणारं डायअसिटिल खाण्यात चालतं. पण अमेरिकेत मिझुरीतल्या पॉपकॉर्न कारखान्यात त्याची वाफ हुंगणाऱ्या कामगारांच्या बारीक श्वासनलिका कायमच्या आकसल्या. ही गोष्ट 2000 सालची, आणि पुढे हाच स्वाद कित्येक ई-लिक्विडमध्येही सापडला.

क्रीमचं उदाहरण तर मेसेजवरच उलटतं. व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट क्रीममध्येही असतं, गोळ्यांतही. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांची फुप्फुसं निकामी होऊ लागली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण, 68 मृत्यू. 51 रुग्णांच्या फुप्फुसातला द्रव तपासला, तर 48 जणांत हेच अ‍ॅसिटेट निघालं. ते खूप तापवलं तर कीटीन हा अतिविषारी वायू सुटू शकतो, हे प्रयोगशाळेत दिसलंय. रुग्णांना नेमकं त्यानेच गाठलं का, हे मात्र ठरलेलं नाही. बहुतेकांनी गांजातल्या टीएचसी या नशा आणणाऱ्या द्रव्याची, व्हेपला जोडायची काडतुसं ओढली होती, साधं निकोटीन नव्हे, हेही सांगायला हवं. पण ते अ‍ॅसिटेट क्रीममधलंच होतं ना?

राहिली सिगारेट. ती पूर्ण सोडून व्हेपवर गेलेल्यांच्या शरीरात बरीच विषारी द्रव्यं कमी आढळतात. मेसेजने एवढंच म्हटलं असतं, तर मी हे लिहायला बसलो नसतो.