म्हणे, "ही तर फेसबुकवरची माहिती!"

आज टीवायच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा होती. माझ्या एका विद्यार्थिनीने वर्षभर नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमधमेश्वर पक्षी अभयारण्यातल्या पाणपक्ष्यांवर काम केलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी फाईल चाळली, संदर्भांच्या पानावर ई-बर्ड (पक्षीनिरीक्षकांनी आपल्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ) आणि पक्षीओळखीचा फेसबुक गट दिसला, आणि फाईल मिटली. "ही तर फेसबुकवरची माहिती. याला संशोधन म्हणत नाहीत." पोरगी खाली मान घालून उभी. मीही तिथे गप्प बसले. म्हणून आता लिहितेय.

डिसेंबरमध्ये तिला पाण्याकाठच्या चिखलात तुतारी जातीचा एक पक्षी दिसला. मोबाईलवर काढलेला धूसर फोटो तिने गटात टाकला, खाली लिहिलं 'ठिपकेवाली तुतारी'. तासाभरात एका अनोळखी माणसाने विचारलं, "उडताना पंखाखालचा रंग पाहिलास का?" नव्हता पाहिला. मग तीन दिवस ही पोर कांद्याच्या कामाला जायच्या आधी, भर थंडीत, पाण्यापाशी बसून. चौथ्या दिवशी पक्षी उडाला. पंखाखाली जवळजवळ काळा. म्हणजे ठिपकेवाली नव्हेच, हिरवी तुतारी! तिने आपली नोंद स्वतः दुरुस्त केली. संशोधन याहून वेगळं काय असतं हो?

अठरा वर्षं शिकवतेय मी. इतका नेमका प्रश्न मला तिला विचारता आला नसता.

पुस्तकं आम्हीही वाचतो. सलीम अलींचं पुस्तक तिच्या पिशवीत असतंच. पण धूसर फोटो बघून "पुन्हा जा, नीट बघ" असं पुस्तक कसं सांगणार? आणि परदेशी जर्नलं आमच्या तालुक्याच्या कॉलेजला परवडतात का? नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्याच्या काठावर राहणाऱ्या मुलीने नोंदी करायच्या नाहीत, तर कोणी करायच्या?

भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३ चा अहवाल उघडून बघा. ९४२ प्रजाती, ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षक, ३ कोटींच्या वर नोंदी, सगळ्या ई-बर्डवरच्या. चिमण्या देशभरातून संपत चालल्यात, असं आपण किती वर्षं घोकत होतो. मोठ्या शहरांत त्या घटल्यात, पण देशभरात त्यांची संख्या साधारण टिकून आहे, हे २०२० च्या अहवालात कळलं ते याच नोंदींमुळे. एखादी नोंद विचित्र वाटली, तर एक पैसाही न घेता ती तपासणारी माणसं तिथे बसलेली असतात. आमच्याकडे प्रोजेक्ट एवढ्या बारकाईने कोण तपासतं?

हो, फेसबुकवर कचराही आहे. लाईकसाठी घरट्यापर्यंत कॅमेरा नेणारे आहेत. नोंदीही जिथे माणसं जास्त फिरतात तिथल्याच जास्त. मान्य. पण म्हणून न वाचताच फाईल मिटायची?

राग त्या परीक्षकांचा आहेच, पण आता लिहिता लिहिता त्याहून जास्त वाईट याचं वाटतंय की त्या पंखाची गोष्ट तिला सांगायलाच मिळाली नाही. सकाळी येताना ती तीच पाठ करत होती.

मघाशी तिचा मेसेज आला, "मॅडम, फाईलमधून फेसबुकचा उल्लेख काढून टाकू का?"

मी लिहिलं, काढू नकोस. त्या अनोळखी दादांचे आभार पहिल्या पानावर घे, तुझ्या वडिलांच्या नावाखाली.