वरणाच्या पाण्याने बाळाचे वजन वाढत नाही
कमी वजनाच्या बाळाला सहा महिन्यांनंतर वरणाचे पाणी आणि पातळ पेज द्यावी, असे बाळाच्या आहारावरच्या एका लेखात सुचवलेले वाचले; नेमके तेच आमच्या परभणीकडच्या घरी महिनाभर केले आणि नातीचे वजन जागचे हलले नाही. पातळ पाण्याने चिमुकले पोट भरते, अंगाला मात्र काही लागत नाही. अंगणवाडीताईंनी समजावल्यावर सुनेने ज्वारीची मऊ भाकरी तुरीच्या घट्ट वरणात पार लगदा होईपर्यंत कुस्करून, वर चमचाभर तूप घालून, चमचा तिरका केला तरी ओघळणार नाही इतपत दाट घास भरवायला सुरुवात केली. एक ग्रॅम तुपातून सुमारे ९ कॅलरी मिळतात, तेवढ्याच पिठातून जेमतेम ४, त्यामुळे दोन-तीन घास खाणाऱ्या बाळासाठी हा फरक फार मोठा आहे. सुरुवातीला नात प्रत्येक घास जिभेने बाहेर ढकलायची. ती नावड नव्हती, चोखण्याची सवय होती, म्हणून जबरदस्ती न करता आम्ही थोडे थांबून पुन्हा भरवत राहिलो. अंगावरचे दूधही चालूच ठेवले. तरीही दर घासाला ठसका लागत असेल किंवा वजन उतरत असेल, तर घरी प्रयोग न करता बाळाला लगेच बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.